चौकोनी स्वरांची पानं घरच्या संगणकावर

वसईतल्या आमच्या चर्चच्या गायकवृंदाकडे लॅटिन ग्रेगोरियन गाण्यांची, म्हणजे चार रेघांवर चौकोनी खुणांनी लिहिलेल्या जुन्या चर्चगीतांची पानं आहेत. झेरॉक्सची झेरॉक्स काढून ती इतकी पुसट झालीत, की रेघा तीन की चार हे दिव्याखाली धरून बघावं लागतं. म्हणून ‘ग्रेगोरिओ’ या मोफत सॉफ्टवेअरवर मी ती नव्यानं जुळवायला घेतली.

आधी ‘टेक लाइव्ह’ हा छापील पानं जुळवणाऱ्या ‘लाटेक’ प्रणालीचा संच पूर्ण बसवा. काही जीबी जागा जाते, पण ग्रेगोरिओ त्यातच येतं.

गाणं साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचं, नावाच्या शेवटी डॉट जीएबीसी. पहिल्या ओळीत ‘नेम’, कोलन, गाण्याचं नाव आणि अर्धविराम. पुढच्या ओळीवर नुसती दोन टक्केचिन्हं. ती विसरू नका. मग कंसात सी४, म्हणजे ‘दो-रे-मी’तल्या ‘दो’ची खूण चौथ्या, सर्वांत वरच्या रेघेवर.

आता प्रत्येक अक्षरानंतर कंसात त्याचा स्वर. ‘दिएस इरे’ या मृतांसाठीच्या लॅटिन गाण्याची सुरुवात अशी: ‘दि’ला एफ, ‘एस’ला ई, ‘इ’ला एफ, ‘रे’ला डी. इथे पियानो शिकलेले हमखास फसतात. ही स्वरांची नावं नाहीत, जागा आहेत. डी खालची रेघ, ई तिच्यावरची फट, एफ दुसरी रेघ, असं चढत जे ही वरची रेघ. सी४ असताना सी ते जीपर्यंत पाश्चात्त्य नावं योगायोगानं जुळतात. पुढे मात्र एच येतो आणि तो ‘ला’ असतो.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. एकाच कंसात एफजी लिहा, दोन चौकोन एकावर एक बसतात. गाताना खालचा आधी. जीएफ लिहा, उतरती जोडी तयार. आकार आपण काढायचे नाहीत, फक्त चढउतार सांगायचा. स्वर लांबवायचा तर त्याच्या रोमन अक्षरापुढे टिंब.

शेवटी लाटेकची छोटी फाईल: ‘ग्रेगोरिओटेक’ पॅकेज घ्या, ‘ग्रेगोरिओस्कोअर’ या आज्ञेला महिरपी कंसात गाण्याच्या फायलीचं नाव द्या. ती ‘लुआलाटेक’ या प्रोग्रामनंच चालवा, शेल-एस्केप (म्हणजे त्याला दुसरे प्रोग्राम चालवायची परवानगी) चालू ठेवून, पीडीएफलाटेक या दुसऱ्या प्रोग्रामवर हे चालत नाही.

जीच्या जागी एच पडला तर संगणक काहीच बोलत नाही. म्हणून पहिली प्रत हातात घेऊन, पेन्सिल जवळ ठेवून मी सगळं गाणं एकदा गाते आणि मगच बाकीच्यांसाठी प्रती काढते.