कंपासपेटीतला ईसीजी

सांगलीत माझं इन्व्हर्टर-स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वर्षीपासून आईला अधूनमधून छातीत फडफड व्हायची. दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असायची आणि ईसीजी नॉर्मल यायचा. डॉक्टर म्हणाले, "फडफड चालू असतानाची पट्टी मिळाली तर काही सांगता येईल." या एका वाक्यावर मी यंत्र बांधलं. तुम्हाला बांधायचं असेल तर तुम्हीही आधी एवढंच ठरवा: कुठल्या वेळी काय टिपायचं. आजार ओळखायचं काम यंत्राकडे देऊ नका.

मी सुरुवात चुकीची केली. बोट ठेवायचा मॅक्स३०१०२ सेन्सर आणला. तो उजेडावरून नाडी मोजतो. ठोके कळतात, पण ठोक्याआधी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारी छोटी विजेची लहर उजेडात दिसत नाही, आणि डॉक्टरांना नेमकी तीच बघायची असते. शिवाय आईची बोटं थंड असली की आकडे वाटेल तसे उड्या मारायचे. मग हृदयाची वीज टिपून मोठी करणाऱ्या एडी८२३२ चिपचा तयार बोर्ड घेतला आणि त्याला ईएसपी३२ हा वायफाय-ब्लूटूथवाला छोटा कंट्रोलर जोडला. ईएसपी३२ची ३४ नंबरची पिन वापरा. व्होल्टेजचे आकडे करणारे दोन एडीसी त्यात असतात, त्यातल्या दुसऱ्याच्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. आणि नोंद चालू असताना वायफाय-ब्लूटूथ बंदच ठेवा, आधी टिपा, मग पाठवा.

चिकटवायचे इलेक्ट्रोड आईला एकटीला लावता येणार नव्हते. म्हणून नाण्याएवढ्या तीन स्टीलच्या चकत्या केल्या. दोन वर, दोन अंगठ्यांसाठी. तिसरी खाली, उजव्या हाताच्या मधल्या बोटासाठी. ही तिसरी गाळायचा मोह टाळा, तिच्यामुळे घरातल्या विजेची रेघेत उतरणारी घरघर बरीच कमी होते. म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी असते, म्हणून बोटं पाण्यात बुडवून घ्यायची. विलेम आइंटहोवेन पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ईसीजी काढायचे, त्यांना १९२४चं नोबेलही मिळालं. आपली वाटीभर पाण्याची युक्ती त्याच घराण्यातली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वीजवाला म्हणून सांगतो. माणसाचे हात चकत्यांवर असताना यंत्राचा भिंतीतल्या प्लगशी कसलाही संबंध नको. चार्जर नको, चार्जिंगला लावलेला लॅपटॉपही नको. स्वस्त चार्जरचं आतलं इन्सुलेशन कसं असतं ते मी रोज उघडून बघतो. "लक्षात ठेवीन" यावर विसंबू नका, पेटीनेच अडवलं पाहिजे. मी मुलीची सरकत्या झाकणाची जुनी कंपासपेटी घेतली. झाकण एकीकडे सरकवलं की चकत्या उघड्या पडतात आणि चार्जिंगचं भोक झाकलं जातं, दुसरीकडे सरकवलं की उलट. दोन्ही एकदम उघडता येत नाहीत.

घरघरीबद्दल. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक लाट २० मिलिसेकंदांची. सेकंदाला २५० वेळा वाचलं तर एका लाटेत बरोबर पाच आकडे बसतात. लागोपाठच्या पाच आकड्यांची सरासरी काढत गेलं की घरघर गायब. पण त्यात ठोक्याचा टोकदार सुळकाही बोथट होतो. म्हणून सरासरी फक्त पडद्यासाठी वापरा, मूळ आकडे जसेच्या तसे जपा. ३० सेकंदांचे ७,५०० आकडे, दोन बाइटप्रमाणे १५ केबीसुद्धा होत नाहीत. मेमरी कार्डाची गरज पडली नाही. हात अधांतरी धरले तर स्नायूंची थरथर रेघेत उतरते, त्यावर फिल्टरपेक्षा मांडीवरची उशी जास्त चालते.

रेघेची उंची बरोबर येते का ते तपासायला दीड व्होल्टचा सेल, १५ किलोओहम आणि १० ओहम घ्या. हे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून सेलला लावले की १० ओहमच्या टोकांवर साधारण एक मिलिव्होल्ट मिळतो. ती टोकं अंगठ्यांच्या चकत्यांना जोडा, तिसरी चकती त्यातल्याच एका टोकाला, आणि सेलची वायर लावा-काढा. रेघ जेवढी उडी मारेल तेवढा तुमचा एक मिलिव्होल्ट. कागदावर तो १० मिलिमीटर आला पाहिजे, आणि एक सेकंद २५ मिलिमीटर. डॉक्टरांची नजर याच मापाला बसलेली असते. आडव्या ए४वर दहा-दहा सेकंदांच्या तीन ओळी छान बसतात. माझी पहिली प्रिंट मनाला येईल त्या मापाची होती. डॉक्टरांनी ती दोनदा फिरवून बघितली आणि परत दिली.

पडद्यावर काय दाखवायचं यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. आधी बोट सुटलं की लाल दिवा लागायचा. आईला वाटलं, हृदयच बंद पडतंय. आता तिथे "बोटं नीट ठेवा" असं येतं. मिनिटाचे ठोकेही दाखवत होतो. ती आकडा बघायची, घाबरायची, आकडा वाढायचा, मग परत बघायची. दिवसात चौदा नोंदी! आकडा काढून टाकला. आता एकच बटण आहे, ३० सेकंद उलटे मोजले जातात आणि शेवटी "झालं" येतं. नोंद ब्लूटूथने माझ्या फोनवर येते, तारीख-वेळेसकट. इंटरनेटवर काहीच चढवत नाही.

या एका रेघेवरून हार्ट अटॅक कळत नाही, त्याला दवाखान्यातला बारा लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी बघणारा ईसीजी लागतो. म्हणून झाकणाच्या आत जाड अक्षरांत कागद चिकटवलाय: छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय, चक्कर येतेय तर पेटी ठेव, १०८ लाव. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे हातात देऊ नका. शेजाऱ्यांनी दोघा-तिघांनी पैसे देऊन मागितलं, मी नाही म्हणालो. विकायचं तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आणि त्यांच्या चाचण्या आल्या. माझ्याकडे आहे ती एक कंपासपेटी.

आईने सहा आठवड्यांत फडफडीच्या वेळच्या चार पट्ट्या पकडल्या. त्या बघून डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं सतत ईसीजी टिपणारं यंत्र, लावायला सांगितलं. पेटी देवघराशेजारच्या फडताळात असते, जवळ पाण्याची वाटी. रविवारी रात्री झाकण उलटं सरकवून मी ती चार्जिंगला लावतो.