सहाचे वीस झालो तेव्हा

पुण्यातल्या आमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर दोन महिन्यांत सहाचे वीस झालो आणि काम उलट मंदावलं. सहा जणांत बोलण्याच्या जोड्या 15 होतात, विसांत 190! जुने लोक दिवसभर नव्यांच्या शंका सोडवायचे, स्वतःचं काम रात्री. बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, वाढले, चिडचिडही.

मी पुढची भरती थांबवली. पाच-पाचांचे चार गट केले, प्रत्येकात एक तरी जुना. शिकवण्याचे तास त्याच्या कामातच धरले आणि तेवढी कामं त्याच्याकडून काढून घेतली. हे वरिष्ठांना पटवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात एक छोटा बग सोडवायचा, रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) मात्र पूर्ण. सेटअपच्या, म्हणजे संगणकावर प्रोजेक्ट सुरू करण्याच्या, लेखी सूचनांत जिथे अडला, तिथे दुरुस्तीही त्यानेच करायची. महिन्याभरात जुनी मंडळी वेळेवर घरी जाऊ लागली.