पोरांना सावित्री-यमाची गोष्ट कशी सांगायची

वटपौर्णिमा म्हणजे आमच्या रत्नागिरीकडे पाऊस नुकताच धरलेला असतो, संध्याकाळी लाईट जाते, पोरं पडवीत येऊन बसतात, गोष्टीला ह्याहून चांगली वेळ नाही. पण बरेच जण "मग सावित्रीने यमाकडून नवऱ्याचे प्राण परत आणले" असं एका दमात उरकून टाकतात आणि सगळी गंमत जाते, अहो ही घासाघीस आहे, ती घासाघीसच ऐकवायची.

सुरुवातीला घाई नको. नारदाने सांगितलेली वर्षाची मुदत, शेवटच्या दिवशी लाकडं तोडताना सत्यवानाचं डोकं दुखायला लागतं, तो तिच्या मांडीवर डोकं टेकतो, हे सावकाश येऊ द्या. मग यम निघतो दक्षिणेला. पोरांना समुद्राकडे तोंड करून उभं करा, डावा हात ती दक्षिण, म्हणजे ती कुठवर मागे चालत गेली ते त्यांना दिसतं.

आता वर. महाभारतात ते पाच आहेत आणि वाणातली फळंही पाच, तीच पुढे मांडा. केळं म्हणजे सासऱ्याचे डोळे, करवंद म्हणजे त्यांचं गेलेलं राज्य, जांभूळ म्हणजे वडलांना शंभर मुलगे, फणसाचा गरा म्हणजे तिला स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे. वर मिळाला की फळ पोराच्या हातात द्यायचं. दर वेळी यम तेच म्हणतो, "ह्याचा जीव सोडून काहीही माग." चारही वेळा शब्द तेच आणि आवाजही तोच ठेवा, बदलू नका.

आंबा राहिला. पाचव्या वेळी यम खूश होऊन नुसतं म्हणतो, "माग." इथे गप्प बसा. अगदी गप्प, पागोळ्यांचा आवाज येईपर्यंत. आमची भाची गेल्या वर्षी उठून ओरडली, "आत्ये, तो जीव सोडून म्हणायला विसरला!" हे तुम्ही सांगायचं नाही, त्यांनाच सापडू दे. मग सावित्री विचारते, शंभर मुलगे दिलेस आणि नवरा नेतोस, तुझा शब्द खरा कसा होणार?

दुसरी हवीच असेल तर ग्रिम बंधूंची मृत्यू आणि वैद्याची सांगा. मृत्यू उशाशी उभा असला तर रोगी वाचतो, पायथ्याशी असला तर जातो, म्हणून वैद्य राजाला अंथरुणावर उलटाच फिरवतो. उशी घेऊन करून दाखवा. घरात कोणी आजारी असेल तर मात्र ही नको. आणि शेवटी गुहेत प्रत्येकाच्या आयुष्याची मेणबत्ती जळत असते तो भाग लाईट आल्यावरच सांगा, नाहीतर धाकटी पोरं रात्रभर समईकडे बघत जागी राहतात.