द्राक्षबागेतला रास्पबेरी पाय बंद पडतो तेव्हा : वीजपुरवठा तपासायला निघण्यापूर्वीची तयारी

निफाड, दिंडोरी परिसरातील अनेक बागांमध्ये तापमान, आर्द्रता आणि पानांवरील ओल यांची नोंद ठेवण्यासाठी रास्पबेरी पायसारखा सिंगल बोर्ड संगणक (एकाच पाटीवर मावणारा छोटा संगणक) बसवता येतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाचा धोका असतो आणि तेव्हा रात्रभराच्या नोंदींनाच खरी किंमत असते. नेमक्या त्याच दिवसांत यंत्र मध्येच बंद पडू लागले, तर फवारणीचा निर्णय पुन्हा अंदाजावर येतो. नाशिकहून बागेत पोहोचल्यावर एखादी वायर राहिल्याचे लक्षात आले, की परत येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून पुढील तयारी घरीच पुरी करावी.

पहिली गोष्ट साधनांच्याही आधीची आहे : बागेतील माणसाला फोन करून यंत्राची वीज बंद-चालू न करण्यास सांगावे. बोर्ड स्वतःच्या वीजपुरवठ्याची नोंद स्वतः ठेवतो, पण रीबूट होताच ती पुसली जाते. यंत्र दुरून जोडता येत असेल तर निघण्यापूर्वीच, नाहीतर बागेत पोहोचताच, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्यावी आणि आलेले उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवावे. ०एक्स० (0x0) असे उत्तर आले, तर चालू झाल्यापासून व्होल्टेज कमी झालेले नाही असे समजावे. ०एक्स५०००० याचा अर्थ मधल्या काळात व्होल्टेज पडले होते आणि प्रोसेसरचा वेग कमी करावा लागला होता, पण आत्ता स्थिती ठीक आहे. ०एक्स५०००५ आल्यास त्रास याही क्षणी चालू आहे. शेवटचा अंक ८ असेल तर त्या क्षणीचा त्रास वीजपुरवठ्याचा नसून उष्णतेचा आहे आणि उन्हात ठेवलेल्या बंद पेटीचा विचार आधी करावा लागेल. कर्नलच्या (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या) लॉगमध्ये अंडरव्होल्टेजच्या, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याच्या, ओळी कोणत्या वेळी आल्या, हेही टिपावे. त्या वेळा पंप सुरू होण्याच्या वेळांशी जुळत असतील तर अर्धे निदान तिथेच होते.

दुसरे, बोर्डाचे मॉडेल निश्चित माहीत असावे, कारण प्रत्येकाची भूक वेगळी आहे. मॉडेल ३ साठी ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर क्षमतेचा अधिकृत अडॅप्टर आहे, मॉडेल ४ साठी ३ अँपिअरचा आणि मॉडेल ५ साठी ५ अँपिअरचा. इथे अनेकांचा एक गैरसमज होतो. लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर मॉडेल ५ ला सहज पुरेल असे वाटते, परंतु असे चार्जर जास्त वॉट चढ्या व्होल्टेजवर देतात आणि ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरवरच थांबतात. मग बोर्ड चालतो, पण यूएसबी उपकरणांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो आणि इंटरनेट पुरवणारा ४जी डोंगल अधूनमधून नाहीसा होतो. मॉडेल ४ च्या अगदी सुरुवातीच्या, २०१९ मधील बोर्डांत टाइप-सी जोडणीची एक रचनादोषाची गोष्ट होती, ज्यामुळे चिप असलेल्या काही महागड्या केबलींवर बोर्ड सुरूच होत नसे. तसा जुना बोर्ड असेल तर साधी केबल सोबत घ्यावी.

केबलींवर मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण माझ्या मते बोर्डावर आणि अडॅप्टरवर घेतला जाणारा बहुतेक संशय खरे तर केबलवर घ्यायला हवा. एडब्ल्यूजी हा तारेच्या जाडीचा गेज आहे, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ एडब्ल्यूजी छापलेल्या एक मीटर केबलमध्ये जाण्यायेण्याच्या दोन तारांचा मिळून रोध सुमारे ०.४३ ओहम होतो. २ अँपिअर प्रवाह वाहिला की सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच हरवतात. अडॅप्टरपाशी ५.१ व्होल्ट असले तरी बोर्डापाशी सव्वाचार उरतात, आणि ४.६३ व्होल्टच्या आसपासच बोर्ड विजेच्या चिन्हाचा इशारा देऊ लागतो. हीच केबल २० एडब्ल्यूजीची असेल तर घट ०.१३ व्होल्टच्या आसपास राहते. महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांतून केबल घेताना वेष्टनावरील ‘फास्ट चार्जिंग’ या शब्दांवर विसंबू नये. केबलीच्या आवरणावर गेज छापलेला पाहावा आणि लांबी गरजेपेक्षा जास्त घेऊ नये. चांगली ठाऊक असलेली, आखूड, जाड अशी एक केबल केवळ तपासणीसाठी वेगळी ठेवलेली असावी.

मल्टिमीटर घ्यावाच, आणि शक्यतो किमान-कमाल नोंद धरून ठेवणारा घ्यावा, कारण साधा मीटर सरासरी दाखवतो आणि क्षणभराची घसरण त्याच्या पडद्यावर उमटत नाही. मापन अडॅप्टरच्या टोकाला नव्हे, बोर्डावर करायचे असते : पिन २ किंवा ४ वर ५ व्होल्ट आणि पिन ६ वर ग्राउंड. परंतु पिन २ च्या शेजारीच पिन १ वर ३.३ व्होल्ट असतात, आणि मीटरचे टोक घसरून या दोन पिना जोडल्या गेल्या तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. म्हणून पिनेवर घट्ट बसणाऱ्या फीमेल जंपर वायरी सोबत न्याव्यात, लॉग उतरवून झाल्यावर बोर्ड रीतसर बंद करावा, वायरी बसवाव्यात आणि मगच पुन्हा चालू करून मोजावे. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मर्यादा समजावी, आणि मापन डोंगल, सेन्सर, सारे चालू असतानाच करावे. रिकाम्या बोर्डावरचा आकडा काही सांगत नाही.

यंत्र सोलर पॅनेल आणि १२ व्होल्ट बॅटरीवर असेल तर यादी वाढते. १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बोर्डालगत असावा, बॅटरीलगत नव्हे. लांब वायर १२ व्होल्टच्या बाजूला ठेवली की त्याच वॉटसाठी प्रवाह कमी लागतो आणि घट सोसते. एलएम २५९६ या चिपवरचे स्वस्त कन्व्हर्टर मॉड्यूल ३ अँपिअरचे म्हणून विकले जातात, पण उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या पेटीत ते तेवढा भार सतत पेलतील असे धरू नये. बदली मॉड्यूल न्यायचे असेल तर त्याचा स्क्रू फिरवून ५.१ व्होल्ट घरीच लावून ठेवावेत. बोर्ड जोडून मग व्होल्टेज लावण्याची घाई बोर्डाच्या जिवावर बेतते. हिशेबही लिहून न्यावा : यंत्र सरासरी ५ वॉट घेत असेल तर चोवीस तासांत १२० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर-तास लागतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली नेऊ नये म्हटले तर एका दिवसासाठीच २० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. ढगाळ हवेचे दिवस धरले तर अधिक. पॅनेलवर फवारणीचा थर साचतो, म्हणून ओले फडके आणि पाण्याची बाटलीही घ्यावी.

यंत्र शेतीपंपाच्या पेटीतून चालत असेल तर त्या २३० व्होल्टच्या बाजूला आपण हात घालू नये. वायरमनची वेळ आधीच ठरवून ठेवावी आणि सैल न्यूट्रल व जळालेली टर्मिनल्स त्याच्याकडूनच तपासून घ्यावीत. मोटार सुरू होण्याच्या क्षणी आपण फक्त बोर्डापाशी मीटर धरावा.

उरलेले थोडक्यात : पूर्ण लिहून तपासलेले दुसरे एसडी कार्ड, कारण वीज अचानक गेल्याने कार्डावरील फाइली बिघडतात आणि मग पुरवठा ठीक होऊनही बोर्ड उठत नाही, स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब, अधिकृत क्षमतेचा अडॅप्टर, कॉन्टॅक्ट क्लीनर, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च.

तिथे गेल्यावर एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर तीच आज्ञा, तेच मापन करावे. केबल आणि अडॅप्टर दोन्ही एकदम बदलले तर यंत्र चालेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि सदोष वस्तू दुसऱ्या बागेत जाईल. निघण्यापूर्वी सारा भार चालू ठेवून किमान पंपाची एक फेरी होऊ द्यावी, उत्तर ०एक्स० येते का पाहावे आणि बोर्डावरचे व्होल्टेज, तारीख व केबलीचा गेज पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा.