वेल्श स्तोत्राची चाल सोल-फावरून चार आवाजांत कशी बसवायची

वेल्सच्या चॅपलांत, म्हणजे प्रार्थनाघरांत, चार आवाजांत (स्त्रियांचे वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो, पुरुषांचे वरचा टेनर आणि खालचा बेस) गाणं हे निवडक क्वायरपुरतं, म्हणजे गायकवृंदापुरतं, नसतं, सगळी मंडळी गाते. ही शिस्त रुजवण्यात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाळक जॉन रॉबर्ट्स (१८२२–१८७७) यांचा मोठा वाटा. त्यांचं टोपणनाव येयान ग्विल्ट. १८५९ साली त्यांचं चालींचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ॲबरडेअरला त्यांनी ‘कमानवा गानी’, म्हणजे स्तोत्रगायनाचा मेळावा भरवला. टॉनिक सोल-फाचा, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरांत सूर लिहिण्याच्या पद्धतीचा, प्रसारही त्यांनी नेटाने केला.

सोल-फा आपल्याला लवकर येतं. तिथला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच सरकता असतो. कागदावर अपूर्णविराम दिसला की पुढची मात्रा, आडवी रेघ दिसली की आधीचा सूर धरायचा, मोकळी जागा म्हणजे गप्प.

आधी पट्टी. ४४० हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कचा (ठरावीक सूर देणाऱ्या धातूच्या चिमट्याचा) सूर ‘ए’. चाल एफ पट्टीत असेल तर तो ‘ग’ समजून ग-रे-सा उतरा. जी पट्टीत असेल तर तोच ‘रे’. मग सा-ग-प गाऊन प्रत्येकाला त्याचा पहिला सूर द्या.

मायनर चालीत हमखास घोटाळा होतो. चालीच्या वर ‘जी पट्टी, ला म्हणजे ई’ असं लिहिलेलं असतं आणि पेटीवाला जी सूर ‘सा’ म्हणून देतो. कानात मेजर बसतं, पहिली ओळच भरकटते. तिथे घर ‘ला’ आहे, म्हणून सुरुवातीला ला-डो-मी ऐकवा.

सुरुवातीला शब्द अजिबात नकोत. प्रत्येक आवाज वेगळा, सोल-फाच्या अक्षरांवर. मग सोप्रानो आणि बेस एकत्र, त्यांत आल्टो, शेवटी टेनर. शब्द लवकर दिले की आल्टो नकळत सोप्रानोच्या चालीवर घसरते. आल्टोत एकच सूर सहा-सात वेळा आला की तो हळूहळू उतरतोही. प्रत्येक वेळी तो किंचित वर आहे असं मनात धरून गायला सांगा.

मराठी शब्द घालायचे असतील तर चालीबरोबर दिलेले ८.७.८.७ असे आकडे प्रत्येक ओळीतल्या अक्षरांचे, मात्रांचे नाहीत. पण नुसती अक्षरं मोजून भागत नाही. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर पडलं तर ‘दिन’चा ‘दीन’ होतो. असा शब्द बदलाच.

कडवं संपलं की फोर्क पुन्हा वाजवा. पट्टी उतरली असेल तर आधी आल्टोच्या त्या एकसुरी ओळी तपासा.