दिवेलागणीला बंद पडणारा कॅमेरा: लांब केबल ओढताना या चुका टाळा

नेटवर्कची केबल ओढली, प्लग मारला, टोकाला हिरवा दिवा लागला, की बहुतेक पोरं हत्यारं पिशवीत भरायला घेतात. मग पंधरा दिवसांनी मला फोन येतो. दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखलं, एवढंच तो दिवा सांगतो. माहिती न गळता जातेय का, रात्री वीज पुरेल का, मे महिन्यात पत्रा तापला की काय होईल, हे त्याला विचारून कळत नाही. लांब अंतराच्या कामात मी पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या दिव्यावर ठेवलेल्या भरवशातून झालेल्या आहेत.

अंतर नजरेनं मोजणं आणि केबल भावानं घेणं

या दोन चुका मी एकत्र लिहितोय, कारण त्या एकत्रच भेटतात.

एका साखर कारखान्यातलं काम होतं. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला. उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या नंबर लावून जिथे थांबतात, त्या तळावर खांबावर एक फिरता कॅमेरा बसवला होता. दिवसभर चित्र स्वच्छ. दिवेलागण झाली की कॅमेरा बंद, मिनिटभराने चालू, पुन्हा बंद. सकाळी परत ठणठणीत. नंबरावरून भांडणं होतात ती रात्री, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा गायब. मला बोलावण्याआधी दोनदा कॅमेरा आणि एकदा स्विच (केबल्स जिथे येऊन जुळतात तो नेटवर्कचा डबा) बदलून झाला होता. "दादा, मालच खराब येतोय," असं तिथल्या वायरमनचं ठाम मत होतं.

मी दुपारी पोहोचलो आणि अंधार पडेपर्यंत तिथेच थांबलो. या कॅमेऱ्याला वीजही स्विचकडून डेटाच्याच केबलमधून येते, यालाच पीओई म्हणतात. खांबावर कॅमेऱ्याच्या अलीकडे पीओई टेस्टर लावून ठेवला. दिवसा कॅमेरा ९ वॅट घेत होता आणि त्याच्यापर्यंत ४३ व्होल्ट पोहोचत होते. अंधार झाला, रात्री बघण्यासाठीचे आयआर दिवे लागले, मागणी २० वॅटच्या पुढे गेली आणि व्होल्टेज तिशीत येऊन कॅमेरा बंद पडला. बंद पडला की भार गेला, व्होल्टेज परत वर. कॅमेरा उठला, अंधार दिसला, आयआर लावले, पुन्हा बंद. रात्रभर हेच.

यातलं गणित नव्या मुलांनी नीट समजून घ्यावं. कॅमेऱ्याला ठरावीक वॅट हवे असतात. व्होल्ट कमी मिळाले की तो करंट जास्त ओढतो, करंट वाढला की तारेतच आणखी व्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे तोल जातो तेव्हा हळूहळू जात नाही, एकदम जातो. दुपारी तपासून "चालतंय" म्हणणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

आता कारण. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. ऑफिसच्या टोकाला ०४१ होता, खांबाच्या टोकाला १५९. म्हणजे ११८ मीटर. "खांब तर ऐंशी मीटरवर आहे," वायरमन म्हणाला, आणि पावलांनी मोजलं तर तो बरोबरच होता. पण केबल माणसासारखी सरळ चालत नाही. ती भिंतीवर चढते, कैचीवरून वळसा घेते, इमारतीचा कोपरा फिरते, खांबावर चढते, आणि कोणीतरी "राहू दे थोडी" म्हणून दोन वेटोळी ठेवतो. सरळ अंतरात मी नेहमी निदान तिसरा हिस्सा मिळवून धरतो.

मग ब्लेडने तार खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. यालाच बाजारात सीसीए म्हणतात, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा हिचा विरोध साधारण दीडपट. त्यात ही जाडीलाही कमी होती. बॉक्सवर मात्र ठळक अक्षरांत 'कॅट-६' छापलेलं. कॅट-५ई आणि कॅट-६ ही नेटवर्क केबलची मानकं आहेत. सीसीए तार त्यांच्यात बसतच नाही, बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो. पीओई प्लस या जास्त विजेच्या प्रकारात स्विच ३० वॅट देतो तेव्हा टोकाला २५.५ वॅटचीच हमी असते, आणि ती हमी १०० मीटर अस्सल तांब्याच्या तारेला धरून दिलेली आहे. ११८ मीटर मुलाम्याच्या तारेवर ती कोण पाळणार?

तळापासून तीस-पस्तीस मीटरवर वजनकाट्याची केबिन होती. तिथे वीज होती, यूपीएस होता. छोटा पीओई स्विच तिथे ठेवला, ऑफिसपासून केबिनपर्यंत फायबर (प्रकाशाने माहिती नेणारी काचेच्या धाग्याची केबल) नेली, केबिनपासून खांबापर्यंत शुद्ध तांब्याची केबल. आधी काढलेले दोन्ही 'खराब' कॅमेरे मी टेबलावर लावून पाहिले. दोन्ही उत्तम चालत होते.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी सांगतो. बॉक्स विकत घेताना दुकानातच दोन इंच तार काढून खरवडतो. दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान. ओढून झाल्यावर दोन्ही टोकांचे मीटरचे आकडे वहीत लिहितो आणि त्याच जागी टॅगवरही लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला शिडी लावावी लागत नाही. रात्री चालायच्या कॅमेऱ्याचं काम दिवसा संपलं असं मी मानत नाही.

आणि १०० मीटरबद्दल एक. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो ९० अधिक १० असा आहे. ९० मीटर भिंतीतली भरीव तारेची केबल आणि दोन्हीकडचे पॅच कॉर्ड (जोडणीच्या छोट्या केबल्स) मिळून १०. शिवाय ही मोजणी २० अंश तापमानाची आहे. केबल तापली की सिग्नल जास्त झिजतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात काय तापमान असतं हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याखाली मी ८० मीटरच्या पुढे तांबं नेत नाही.

स्विचवरचं '२५० मीटर'चं बटण

काही पीओई स्विचवर लांब केबलसाठी असं बटण असतं. ते दाबलं की त्या पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला पुरतो. त्या टोकाला स्विच लावून सहा कॅमेरे जोडाल तर पुरणार नाही. आणि विजेची घट बटणाने कमी होत नाही.

रंग "सरळ" लावणं

नवशिक्या मुलाला वाटतं, नारिंगीची जोडी, मग निळ्याची, मग हिरव्याची, मग तपकिरीची, दोन्ही टोकांना सारखीच लावली की झालं. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात. तरीही केबल चुकीची असते. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन असतात, आणि या पिळामुळेच बाहेरचा गोंगाट कटतो. प्लगमध्ये तिसरी आणि सहावी पिन ही एक जोडी आहे. "सरळ" लावल्यावर तिसऱ्या पिनवर एका जोडीची तार येते आणि सहाव्यावर दुसऱ्या जोडीची, म्हणजे पीळ असून नसल्यासारखा. दहा मीटरवर हे खपून जातं. साठ-सत्तर मीटरवर फाइल अर्ध्यात अडकते, कॅमेऱ्याचं चित्र फाटतं, गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, दुवा १०० वर उतरतो. दिव्यांचा स्वस्त टेस्टर ही चूक पकडूच शकत नाही, तो फक्त तार पोहोचली का ते बघतो.

क्रम एकच पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगजवळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. मुलं दोन-दोन इंच उलगडतात, कारण तारा सरळ करायला सोपं जातं. अशी टोकं मी कापून परत करायला लावतो, कितीही उशीर झाला असला तरी.

एचडीएमआय म्हणजे नुसती वायर समजणं

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, कारण इथे चूक चारचौघांत उघडी पडते.

एका पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. स्टेजपासून प्रोजेक्टर वीस मीटरवर. मंडपवाल्याने वीस मीटरची साधी तांब्याची एचडीएमआय केबल (लॅपटॉपचं चित्र पडद्याकडे नेणारी) टाकली, आदल्या संध्याकाळी स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवरून चित्र दाखवलं आणि गेला. सकाळी संस्थेच्या हिशेबनिसाने आपला नवा लॅपटॉप जोडला. आधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागले, मग पडदा काळा. समोर सभासद बसलेले, ताळेबंद दाखवायचा होता. मी तिथे ध्वनिक्षेपकाच्या कामाला गेलो होतो, म्हणून मला हाक आली.

जुना लॅपटॉप १०८० पी देत होता. त्याला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात. नवीन लॅपटॉपला प्रोजेक्टरने आपण ४के (१०८० पीपेक्षा कितीतरी बारीक चित्र) घेत असल्याचं कळवलं, आणि त्याने इमानाने ४के, ६० फ्रेम पाठवायला सुरुवात केली. त्याला जवळपास अठरा गिगाबिट लागतात, चौपट. साधी तांब्याची केबल एवढा भार तीन ते पाच मीटर भरवशाने नेते. वीस मीटरवर तो जाणार नव्हताच. मी लॅपटॉपचं रिझोल्यूशन १०८० पीवर आणलं, चित्र आलं, सभा पार पडली. पांढरे ठिपके ही पहिली खूण असते. ते दिसले की केबल शेवटच्या श्वासावर आहे असं समजा.

पुढे त्या संस्थेने कॅट-६ वरून चित्र नेणारा एक्स्टेंडर घेतला. तो बसवणाऱ्याने भिंतीत आधीच केबल आहे म्हणून तो इमारतीच्या नेटवर्क स्विचमधून जोडला. प्लग तोच, भोक तेच, मग का नाही चालणार? नाही चालला. एचडीबेसटी जातीचा एक्स्टेंडर केबल तीच वापरतो, पण त्यावरून जातं ते इथरनेट नसतं. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग केबल लागते, मध्ये स्विच चालत नाही. पॅच पॅनेल (मधली जोडणीची पट्टी) आणि सांधे मी तिथे टाळतोच. आवरणाखाली पत्रा असलेली शिल्डेड केबल वापरतो आणि इतर केबल्सच्या गठ्ठ्यात बांधत नाही.

दुसऱ्या जातीचे एक्स्टेंडर खरोखरच नेटवर्कवरून जातात. त्यांची अडचण उलटी. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मागणाऱ्या पोर्टलाच चित्र पाठवण्याची सोय) चालू नसेल तर ते चित्र प्रत्येक पोर्टवर ओततात आणि सगळ्या ऑफिसचं इंटरनेट आणि प्रिंटर रांगायला लागतात. मी त्यांना वेगळाच स्विच देतो. पाचशे-हजार वाचवण्यासाठी कोणाच्या कामाच्या नेटवर्कवर चित्र सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायबरची एचडीएमआय केबल उत्तम, पण तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर डिस्प्ले. पाइपमध्ये उलटी ओढलीत तर परत काढावी लागते. ओढण्याआधी जमिनीवर पसरून चित्र बघा, मगच पाइपात घाला. आणि दोऱ्याची गाठ प्लगला कधीच बांधू नका.

कार्यक्रमाच्या कामात मी एकच आग्रह धरतो: ज्या लॅपटॉपवरून कार्यक्रम होणार, तोच लॅपटॉप आदल्या दिवशी अर्धा तास चालवून दाखवा. यजमान कंटाळतात. कंटाळू देत.

दोन इमारतींमध्ये तांबं

दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. मधून तांब्याची केबल गेली की तो फरक तुमच्या स्विचच्या पोर्टवर येतो, आणि वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की एका रांगेतले पोर्ट एकदम जातात. मी दोन इमारतींमध्ये फक्त फायबर टाकतो, तीही आत लोखंडी तार नसलेली. घरोघरी इंटरनेट देणाऱ्यांमुळे ड्रॉप फायबर आणि जोडणारा माणूस आता तालुक्याच्या गावीही मिळतो, त्यामुळे "महाग पडतं" हे कारण मी ऐकून घेत नाही.

फायबरमध्ये होणाऱ्या चुका थोड्याच आहेत. एकाच धाग्यावर चालणारे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांबं जोडणारे डबे) ए आणि बी अशा जोडीने घ्यायचे, दोन ए एकमेकांना कधीच ओळखणार नाहीत. हिरवा प्लग निळ्या सॉकेटात घालायचा नाही. टोपण काढल्यावर टोक पुसल्याशिवाय लावायचं नाही. दोन कोअर (फायबरचे धागे) लागत असतील तर चार टाका.

बाकीच्या

विजेच्या वायरच्याच पाइपात डेटा केबल घालू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पीळ मारून टेप लावलेला सांधा हा सांधा नव्हे.

घरातल्या वापराची राखाडी केबल उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. बाहेर काळी, पीई आवरणाची वापरा, आणि डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जाईल.

लांब अंतरावर माईकचा आवाज साध्या दोन तारांनी नेलात तर ५० हर्ट्झची गुणगुण येणारच. तिथे बॅलन्स्ड केबल (गुणगुण कापण्यासाठी दोन सिग्नल तारा आणि शिल्ड असलेली), आणि स्पीकर लांब असतील तर १०० व्होल्टची लाइन.

शेवटचं काम म्हणून मी प्रत्येक लांब केबलवरून एक मोठी फाइल दहा मिनिटं इकडून तिकडे पाठवतो आणि स्विचमध्ये त्या पोर्टवर किती चुका नोंदल्या गेल्या ते बघतो. आकडा शून्य असेल तर टॅगवर तारीख टाकतो. एकही चूक दिसली तरी टोक कापतो आणि पुन्हा क्रिम्प करतो, म्हणजे नवा प्लग दाबून बसवतो.