कटिंगमधला वेग आणि पुलावरचा वेग

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन थीम पार्कच्या रचनेच्या कामात शिरलो, तेव्हा रोलर कोस्टरचा वेग आम्ही ठरवायचा आणि थीमिंगवाल्यांनी, म्हणजे देखावे उभे करणाऱ्यांनी, मागाहून रंगरंगोटी करायची, अशी माझी समजूत होती. ती मोडली कोकण रेल्वेने. कुडाळला घरी जाताना गाडी जांभ्याच्या कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून काढलेल्या खिंडीत, शिरली की दोन्हीकडचा दगड अंगावर धावून येतो. रत्नागिरी सोडल्यावर तीच गाडी पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावर आली की खालची झाडी सावकाश सरकते आणि गाडी रेंगाळल्यासारखी वाटते. वेग तितकाच असला तरी जवळची वस्तू तो वाढवते आणि दूरची कमी करते. कौटुंबिक कोस्टरचे बरेचसे गणित या भासावर उभे असते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी आधी साधा हिशेब हाताने करावा. माथ्यावरून सुटल्यावर गाडी केवळ उतारावर धावते. घर्षण आणि हवेचा विरोध सोडला, तर १० मीटरच्या उतारावर ताशी सुमारे ५० किलोमीटर आणि १५ मीटरवर सुमारे ६२ किलोमीटर वेग मिळतो. म्हणजे उंची दीडपट करूनही वेग सव्वापटही होत नाही, आणि वळणाची त्रिज्या तीच ठेवली तर बाजूला ढकलणारे बल मात्र दीडपट होते. शेजारी आजी आणि सहा वर्षांचे नातवंड बसणार असेल, तर हा सौदा महागच. त्यापेक्षा उंची बेताची ठेवून रूळ खडकाच्या फटीतून, झाडांच्या मुळांखालून, अंधाऱ्या बोगद्यातून न्यावेत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५९ साली सुरू झालेली मॅटरहॉर्नची सफर याचे जुने उदाहरण आहे. नळीच्या पोलादी रुळांमुळे गाडीला कृत्रिम डोंगराच्या आत वळणे घेता आली.

वेग देखाव्यालाही मर्यादा घालतो. सेकंदाला १४ मीटर धावणारी गाडी १० मीटर लांबीचा देखावा पाऊण सेकंदाच्या आतच ओलांडते. तेवढ्यात कोणाला काय दिसणार? म्हणून गोष्ट सांगायची ती गाडीला माथ्यावर ओढून नेणाऱ्या चेनवर ती हळू चढत असताना, आणि उतारावर नुसते आकार व सावल्या पुरतात. नवखे लोक नेमके उलटे करतात, मीही केले.

किनाऱ्यावरच्या कामात आणखी एक भान हवे. खाऱ्या हवेत कृत्रिम खडकाचा बाहेरचा रंग टिकतो, पण आतला लोखंडी सांगाडा गुपचूप गंजतो. त्यामुळे सांगाड्याला गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा लेप) आणि तपासणीसाठी आत शिरायची वाट, दोन्ही नकाशातच मागून घ्यावीत. नंतर ही वाट कोणी देत नाही.

ईएन १३८१४ (युरोपीय) आणि एएसटीएम एफ२२९१ (अमेरिकी) ही अशा राइड्सच्या सुरक्षेची मानके वाचताना क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेचा, भाग सर्वांत आधी वाचावा. ताणलेला हात जिथवर पोहोचेल, तिथवर काहीही नको. माझ्या पहिल्या कामात मी एक खडक बोगद्याच्या तोंडाशी हौसेने पुढे काढला होता. चाचणीपूर्वी डब्यावर हातांच्या पोचेएवढी चौकट बसवून गाडी सावकाश ओढत नेली, तेव्हा ती तिथेच अडकली, आणि पुढचे दोन दिवस तो खडक ग्राइंडरने तासण्यात गेले.